चिप आधी की लस आधी: टोकियोला बदली झालेल्या लष्करी कुटुंबाच्या कुत्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यात राहणाऱ्या एका लेफ्टनंट कर्नलच्या कुटुंबाचे आणि त्यांच्या सात वर्षांच्या लॅब्रॅडॉर कुत्रीचे आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कुत्रीला येथे ‘राणी’ म्हटले आहे. तारखांचा क्रम मात्र बदललेला नाही, कारण या प्रकरणातील जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या क्रमावरच अवलंबून होता.

राणी जोधपूरला या कुटुंबात आली. पुढे वडिलांच्या बदल्यांबरोबर तिने चार लष्करी स्टेशने पाहिली. तिच्या लसीकरणाच्या तीन वेगवेगळ्या पुस्तिका होत्या: एक लष्करी पशुवैद्यकीय रुग्णालयाची आणि दोन खासगी दवाखान्यांच्या. मधली दोन वर्षे वडील फील्ड पोस्टिंगवर होते, तेव्हा आई, मुलगी आणि राणी पुण्यातील क्वार्टरमध्ये राहत होत्या. त्या काळात तिला एक सवय जडली. सामानाच्या काळ्या ट्रंका पलंगाखालून बाहेर निघाल्या की ती जेवण सोडते आणि पुढच्या उजव्या पायाचा पंजा चाटत बसते. त्या जागेचे केस गेलेले आहेत आणि कातडी जाड झालेली आहे. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे की, पुढे पर्याय निवडताना तिला वजन द्यावे लागले.

डिसेंबरच्या अखेरीस कर्नलसाहेबांची टोकियोतील भारतीय दूतावासात तीन वर्षांसाठी नेमणूक झाल्याचा आदेश आला. रुजू होण्याची तारीख १५ जुलै होती. हातात साडेसहा महिने होते आणि कुटुंबाला ते भरपूर वाटत होते. ८ जानेवारीला राणीची आई (आम्ही पशुवैद्यक दवाखान्यात पालकांना असेच म्हणतो) तिला घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या हातात तिन्ही पुस्तिका होत्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, चिप बसवलेली आहे, रेबीजची लस दर वर्षी दिलेली आहे. आता फक्त सर्टिफिकेट हवंय.”

जपानची अट आणि त्यामागचे कारण

जपानमध्ये रेबीजविरोधी कायदा १९५० साली झाला आणि १९५७ नंतर त्या देशात प्राण्यांमधील स्थानिक रेबीजची नोंद नाही. त्यानंतर तेथे आढळलेले मोजके मानवी रुग्ण परदेशात कुत्रा चावून आलेले होते. भारतात मात्र रेबीज आजही गल्लीबोळांत आहे. त्यामुळे भारतातून येणाऱ्या कुत्र्याकडे जपान ज्या बारकाईने पाहतो, तिला मी कधीही जाच म्हणणार नाही. ज्याने रेबीजचा रुग्ण एकदा पाहिला आहे, त्याला ही काटेकोरपणाची किंमत रास्तच वाटेल.

नियम असा आहे. प्रथम आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची, पंधरा अंकी ओळख क्रमांक असलेली मायक्रोचिप कातडीखाली बसवायची. त्यानंतर, किंवा त्याच दिवशी, रेबीजची पहिली लस द्यायची आणि त्या वेळी पिल्लाचे वय किमान ९१ दिवस असले पाहिजे. पहिल्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी, पण तिची मुदत संपण्यापूर्वी, दुसरी लस द्यायची. दुसऱ्या लसीच्या दिवशी किंवा त्यानंतर रक्त घेऊन जपानच्या कृषी मंत्रालयाने नेमून दिलेल्या प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची पातळी, म्हणजे टायटर, तपासून घ्यायची. ती प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकके किंवा त्याहून अधिक असली पाहिजे. रक्त घेतल्याच्या दिवसापासून १८० दिवस थांबायचे. पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी जपानच्या पशु क्वारंटाईन खात्याला पूर्वसूचना द्यायची. निघण्यापूर्वीच्या दहा दिवसांत आरोग्य तपासणी करायची आणि कागदांवर आपल्या सरकारी पशुवैद्यकाचा शिक्का घ्यायचा. १८० दिवस पूर्ण होण्याआधी कुत्रा पोहोचला, तर उरलेले दिवस त्याला तेथील क्वारंटाईन केंद्रात काढावे लागतात.

लसीआधी चिप का, असा प्रश्न बहुतेक पालक विचारतात. लस कोणत्या जनावराला दिली याचा पुरावा चिपच्या क्रमांकाशिवाय उभा राहत नाही, एवढे साधे त्याचे उत्तर आहे. चिपआधीची लस शरीरात काम करते, पण जपानच्या कागदावर ती दिलेलीच नसते.

अडचण

स्कॅनर मानेमागे, खांद्यांच्या मध्ये फिरवला, तेव्हा काहीच वाजले नाही. चिप कातडीखाली सरकते, त्यामुळे मी दोन्ही खांदे, छाती आणि पुढच्या पायांच्या वरच्या भागावरून संथपणे स्कॅनर नेला आणि डाव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला क्रमांक मिळाला. तो पंधरा अंकी होता आणि पुस्तिकेवरच्या स्टिकरशी अंकन् अंक जुळत होता. येथपर्यंत सर्व ठीक होते.

घोळ तारखांत होता. रेबीजची शेवटची लस मागच्या वर्षी १० फेब्रुवारीला दिलेली होती आणि चिप १४ मार्चला बसवलेली होती. लस आणि चिप वेगवेगळ्या दवाखान्यांत, वेगवेगळ्या पुस्तिकांत नोंदली गेली होती, त्यामुळे दोन्ही तारखा शेजारी ठेवून कोणी पाहिल्याच नव्हत्या. म्हणजे सात वर्षे नियमाने लस घेतलेल्या राणीच्या खात्यावर जपानच्या दृष्टीने एकही लस जमा नव्हती. तो क्रम उलटा असता, तर जानेवारीतील बूस्टर ही दुसरी लस ठरली असती, त्याच दिवशी रक्त घेता आले असते आणि १८० दिवस जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरले असते. कुटुंबाला फार तर चार-पाच दिवसांची जुळवाजुळव करावी लागली असती.

त्यात दुसरी अडचण त्याच दिवशी समोर आली. राणीला १०४ अंश फॅरनहाइट ताप होता, कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी होत्या, हिरड्या फिकट होत्या. रक्ततपासणीत प्लेटलेट ६२,००० निघाल्या आणि चाचणी एर्लिकियासाठी, म्हणजे गोचीड तापाच्या जंतूसाठी, पॉझिटिव्ह आली. पुण्यात गोचीड ताप बारा महिने दिसतो, त्यामुळे निदानात नवल नव्हते. नवल होते ते वेळेचे.

पहिला निर्णय: आजारी कुत्रीला लस द्यायची का

कुटुंबाचा आग्रह होता की त्याच दिवशी लस देऊन दिवस मोजायला सुरुवात करावी. त्यांची घाई मला समजत होती. मी त्यांच्यासमोर कॅलेंडर ठेवून दोन्ही हिशेब मांडले. ८ जानेवारीला लस दिली असती, तर दुसरी लस आणि रक्त लवकरात लवकर ७ फेब्रुवारीला झाले असते आणि १८० दिवस ६ ऑगस्टला भरले असते. दोन आठवडे थांबलो, तर तीच तारीख २० ऑगस्टच्या आसपास गेली असती. दोन्ही तारखा १५ जुलैच्या पुढच्याच होत्या. म्हणजे घाई करून मूळ पेच सुटणारच नव्हता, उलट तापात आणि प्रतिकारशक्ती दबलेली असताना दिलेल्या लसीला शरीराने नीट प्रतिसाद दिला नसता, टायटर कमी आले असते, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. शिवाय आजारी जनावराला लस देऊ नये हा आमच्या व्यवसायाचा प्राथमिक नियम आहे आणि प्रवासाची तारीख हे तो मोडण्याचे कारण होऊ शकत नाही.

डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा २८ दिवसांचा कोर्स सुरू केला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. १९ जानेवारीला प्लेटलेट १,८५,००० झाल्या, भूक पूर्ववत झाली होती, आणि २० जानेवारीला, आधी चिप स्कॅन करून, पहिली ग्राह्य लस दिली. पुस्तिकेत लसीच्या ओळीतच चिपचा क्रमांक लिहिला आणि शेजारी लसीच्या बाटलीवरचे स्टिकर चिकटवले. जपानला निष्क्रिय (मारलेल्या विषाणूची) किंवा पुनःसंयोजित (जनुकीय तंत्राने बनवलेली) प्रकारचीच लस चालते, म्हणून बाटलीवरचा प्रकारही नोंदवून ठेवला.

दुसरा निर्णय: रक्त कधी घ्यायचे

तीस दिवस १९ फेब्रुवारीला पूर्ण होत होते. दिवस मोजताना पहिल्या लसीचा दिवस शून्य धरतात, आणि येथे एका दिवसाची चूक झाली तर दुसरी लस बाद होते. म्हणून दोन दिवस जास्तीचे ठेवून २१ फेब्रुवारीला दुसरी लस देण्याचे ठरले.

रक्त त्याच दिवशी घ्यावे की दुसऱ्या लसीनंतर दोन आठवड्यांनी घ्यावे, यावर बरीच चर्चा झाली. कुटुंबाला वाटत होते की दुसरी लस ‘लागू’ झाल्यावरच पातळी चांगली येईल. माझे मत वेगळे होते. लसीनंतर रक्तातील प्रतिपिंडे साधारण तीन ते चार आठवड्यांनी शिगेला पोहोचतात आणि मग हळूहळू उतरतात. २१ फेब्रुवारीला पहिल्या लसीला ३२ दिवस झालेले असणार होते आणि राणीच्या शरीरासाठी ती लस पहिली नव्हतीच. त्याआधीच्या सगळ्या लसींची आठवण तिच्या रोगप्रतिकारयंत्रणेत होती. त्यामुळे त्या दिवशीचे रक्त पुरेसे बोलके ठरेल, अशी मला खात्री होती. शंका फक्त एका कारणाने होती: पहिली लस दिली तेव्हा गोचीड तापाचा उपचार चालू होता.

या शंकेवर तोडगा असा काढला. २१ फेब्रुवारीला दुसऱ्या लसीच्या वेळी रक्त घेऊन त्याचे सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) युरोपातील नेमलेल्या प्रयोगशाळेकडे रवाना केले. ७ मार्चला आणखी एक नमुना घेतला आणि त्याचे सीरम, चिप क्रमांक व तारखेच्या लेबलसह, उणे २० अंशांवर गोठवून ठेवले. पहिला अहवाल कमी आला असता तर दुसरा नमुना लगेच पाठवता आला असता आणि १८० दिवसांची मोजणी ७ मार्चपासून झाली असती. पहिला अहवाल हाती येईपर्यंत गेलेले आठवडे वाया गेले नसते. एका जास्तीच्या सुईच्या मोबदल्यात एवढी निश्चिंती मिळत असेल, तर ज्यांच्या हातात दिवस मोजके आहेत अशा प्रत्येक कुटुंबाला मी हे सुचवीन.

अहवाल मार्चच्या अखेरीस आला. पातळी २.३ होती, म्हणजे आवश्यकतेच्या चौपटीहून अधिक. परंतु अहवालावर चिपच्या क्रमांकातील शेवटून तिसरा आणि चौथा अंक उलटसुलट छापलेले होते. आम्ही अहवाल आला त्याच संध्याकाळी तो पुस्तिकेशी एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहिला, म्हणून हे लक्षात आले. प्रयोगशाळेला मूळ मागणीपत्राची प्रत आणि नमुन्याच्या लेबलचे छायाचित्र पाठवले, आणि दहा दिवसांत दुरुस्त अहवाल मिळाला. हीच गोष्ट विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या लक्षात आली असती, तर त्यांच्या लेखी ते दुसऱ्याच कुत्र्याचे रक्त ठरले असते.

तिसरा निर्णय: पाच आठवड्यांचा पेच

१८० दिवस २० ऑगस्टला भरत होते. कर्नलसाहेबांना १५ जुलैला रुजू व्हायचे होते. मधल्या पाच आठवड्यांचे काय करायचे, हा या प्रकरणातला सर्वांत अवघड प्रश्न होता, कारण त्याचे उत्तर पशुवैद्यकाच्या हातात नव्हते.

इंटरनेटवर अमेरिकी लष्करी कुटुंबांचे अनुभव वाचून कुटुंबाला एक आशा वाटली होती. जपानमधील अमेरिकी तळांवर राहणाऱ्या कुटुंबांना उरलेले क्वारंटाईनचे दिवस तळावरच्या आपल्या घरात काढू देण्याची व्यवस्था आहे. ही सवलत दोन देशांमधील कराराखाली चालणाऱ्या तळांपुरती आहे. टोकियोत भाड्याच्या सदनिकेत राहणाऱ्या दूतावासातील कुटुंबाला ती लागू होत नाही. ‘लष्करी कुटुंब’ हा शब्द दोन्हीकडे सारखा असल्यामुळे गैरसमज होणे स्वाभाविक होते, आणि तो एप्रिलमध्येच दूर झाला हे बरे झाले.

पहिला पर्याय सर्वांनी मिळून जुलैत जाण्याचा आणि राणीला पाच आठवडे क्वारंटाईन केंद्रात ठेवण्याचा होता. तेथे स्वच्छता असते, भेटीची मुभा असते, मात्र देखभालीचा आणि खाण्याचा खर्च पालकांचा असतो. एखाद्या तरुण, धीट कुत्र्यासाठी मी या पर्यायाला हरकत घेतली नसती. राणीचा पंजा मी जानेवारीपासून पाहत होतो. नवा देश, नवे वास, अनोळखी पिंजरा आणि दिवसातून थोडा वेळ दिसणारी माणसे, हे सर्व एकदम तिच्यावर लादणे मला पटत नव्हते.

दुसरा पर्याय तिला तीन वर्षांसाठी साताऱ्याला आजी-आजोबांकडे ठेवण्याचा होता. आजोबांनी तो मनापासून दिला होता. पण त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती आणि छत्तीस किलोच्या लॅब्रॅडॉरने साखळीला एक हिसका दिला असता, तर ते पडले असते. शिवाय सात वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या आयुष्यातील तीन वर्षे म्हणजे उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा. मुलीने या पर्यायावर चर्चा करायलाच नकार दिला, आणि मला तिचे म्हणणे रास्त वाटले.

तिसरा पर्याय ऑगस्टअखेर राणीला एकटीला कार्गोने पाठवण्याचा होता आणि चौथा कुटुंबाने दोन टप्प्यांत जाण्याचा. मुलीच्या टोकियोतील शाळेचे सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होणार होते, त्यामुळे चौथा पर्याय शक्य होता. किंमत एवढीच होती की फील्ड पोस्टिंगनंतर जेमतेम एकत्र आलेल्या कुटुंबाला पुन्हा सहा आठवडे वेगळे राहावे लागणार होते. कर्नलसाहेब दवाखान्यातील बाकावर बसून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सहा आठवडे आम्हाला नवीन नाहीत. तिला पिंजऱ्यात नको.” निर्णय तेथेच झाला.

या निर्णयाचा एक कागदी परिणाम होता, जो सहज नजरेतून सुटतो. तोवरचे सर्व अर्ज कर्नलसाहेबांच्या नावाने तयार केले होते. आता राणीबरोबर प्रवास करणार होत्या त्यांच्या पत्नी, म्हणून जपानला द्यायची पूर्वसूचना त्यांच्या नावाने, त्यांच्या पासपोर्ट क्रमांकासह करावी लागली. ती २७ जूनला पाठवली. २४ ऑगस्टच्या प्रवासासाठी शेवटची मुदत १५ जुलै होती. २० ऐवजी २४ ऑगस्ट ही तारीख मुद्दाम निवडली होती, म्हणजे दिवस मोजण्यात कोणाचा एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी बिघडणार नव्हते.

प्रवासाची वैद्यकीय तयारी

वजन हा पहिला मुद्दा होता. छत्तीस किलोवरून राणीला जुलैपर्यंत साडेबत्तीसवर आणले. पोळ्या बंद, मोजून खाणे, सकाळ-संध्याकाळ चालणे. उतारवयातील लॅब्रॅडॉरमध्ये स्वरयंत्राचा पक्षाघात आढळतो आणि अशा कुत्र्याला उष्ण, बंदिस्त जागेत श्वास अपुरा पडतो, म्हणून तिचे धापणे, भुंकण्याचा आवाज आणि घशातील हालचाल नीट तपासली. दोष नव्हता. कंबरेच्या सांध्यांत थोडा ताठरपणा होता, त्यासाठी पिंजऱ्यात जाड, न घसरणारी गादी सुचवली.

पिंजरा मे महिन्यातच घरी आणला. राणीला त्यात डोके न वाकवता उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे, ही आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीची अट आहे. दोन भाग जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खिट्ट्यांऐवजी धातूचे नटबोल्ट बसवले. पहिले आठवडे दार काढून ठेवले आणि तिचे जेवण आत द्यायला सुरुवात केली. जूनअखेर ती दुपारची झोप आतच काढू लागली. ट्रंका भरायच्या वेळीही ती पिंजऱ्यात जाऊन बसली आणि जेवली, हे मला टायटरच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे वाटले.

कुटुंबाने झोपेचे औषध मागितले होते. मी ते दिले नाही. गुंगीच्या औषधांनी रक्तदाब आणि शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते, आणि विमानाच्या पोटात काही बिघडले तर पाहायला कोणी नसते. बहुतेक विमान कंपन्या गुंगीत असलेला प्राणी स्वीकारतही नाहीत. त्याऐवजी मुंबईहून रात्री निघणारे थेट विमान निवडले, म्हणजे चढवताना उन्हाचा तडाखा नाही आणि मध्ये दुसऱ्या विमानतळावर उतरवणे-चढवणे नाही.

केंद्र सरकारच्या पशु क्वारंटाईन आणि प्रमाणन सेवेच्या मुंबई कार्यालयात कुटुंबाने जूनमध्येच जपानच्या फॉर्मचे कोरे नमुने दाखवून आणले. कोणत्या रकान्यात खासगी पशुवैद्यकाची सही लागेल, कोठे सरकारी शिक्का लागेल, सोबत कोणते कागद आणायचे, हे आधी कळल्यामुळे ऑगस्टमधील धावपळ एका फेरीत आटोपली.

साताऱ्यातील प्रसंग

जुलैअखेर क्वार्टर रिकामे करावे लागल्याने आई, मुलगी आणि राणी साताऱ्याला गेल्या. पावसाळ्यात साताऱ्याला जाण्याबद्दल माझ्या मनात धाकधूक होती. जपानमध्ये पोहोचणाऱ्या कुत्र्याची रेबीजबरोबरच लेप्टोस्पायरोसिससाठीही पाहणी होते, आणि हा आजार उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून येतो. लेप्टोची लस अद्ययावत केली होती, गोचीडविरोधी चघळायची गोळी दिली होती, आणि डबक्यांपासून दूर, डांबरी रस्त्यावर, साखळीनेच फिरवायचे असे बजावले होते.

२ ऑगस्टला सकाळी फिरताना चहाच्या टपरीजवळचा एक कुत्रा राणीच्या अंगावर धावून आला आणि त्याने तिची मान तोंडात धरली. काही क्षणांत लोकांनी त्याला हाकलले. दुपारपर्यंत राणी पुण्यात माझ्या टेबलावर होती. मानेवरचे केस ओलसर आणि चिकट होते. मी मशीनने तो संपूर्ण भाग भादरला, तेजस्वी दिव्याखाली भिंगातून पाहिला. कातडीवर ओरखडा किंवा छिद्र दिसले नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे भाग धुतला आणि रेबीजचा बूस्टर दिला.

प्रश्न वैद्यकीय कमी आणि नैतिक अधिक होता. दोन आठवड्यांनी मला एका फॉर्मवर सही करायची होती की या कुत्रीत रेबीजचा कोणताही संशय नाही. जखम दिसत नाही म्हणून प्रसंग न नोंदवणे सोपे होते आणि कुटुंबाच्या एका हितचिंतकाने तसे सुचवलेही. मी नकार दिला. टपरीवाल्याशी फोनवर बोललो. तो कुत्रा त्याच्याच उष्ट्यावर वाढलेला, ओळखीचा होता. चावणारा कुत्रा दहा दिवसांनंतर जिवंत आणि निरोगी असेल, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे मानता येते. आजोबा रोज सकाळी टपरीवर जाऊन त्या कुत्र्याचा फोटो पाठवू लागले. १२ ऑगस्टच्या फोटोत तो नेहमीसारखा बिस्कीट मागत उभा होता.

बूस्टरची नोंद पुस्तिकेत चिप क्रमांकासह केली आणि जपानच्या खात्याला ईमेलने कळवले. आधीची लस मुदतीत असताना हा बूस्टर दिलेला असल्यामुळे १८० दिवसांच्या मोजणीला धक्का लागला नाही. तो कुत्रा दहा दिवसांत मेला असता किंवा गायब झाला असता, तर मी प्रवास पुढे ढकलायला सांगितले असते आणि सही केली नसती. ही गोष्ट कुटुंबाला त्याच दिवशी स्पष्ट सांगितली होती आणि त्यांनी ती मान्य केली होती.

परिणाम

१७ ऑगस्टला अंतिम तपासणी झाली, त्याच आठवड्यात मुंबईला सरकारी शिक्के मिळाले, आणि २४ तारखेला रात्री विमान निघाले. टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर राणीची चिप स्कॅन झाली, कागद तपासले गेले आणि सुमारे दोन तासांत तिला सोडण्यात आले. अधिकाऱ्याने दोन गोष्टींची विचारणा केली: ऑगस्टमधील जास्तीची लस आणि मानेवरचे भादरलेले केस. दोन्हींचे उत्तर आधी पाठवलेल्या ईमेलमध्ये होते.

पुढच्या तीस दिवसांत कुटुंबाने स्थानिक कार्यालयात तिची नोंदणी केली, जी जपानमध्ये कुत्रा पाळणाऱ्याला बंधनकारक आहे. पंजाचे चाटणे पहिले दोन आठवडे वाढले आणि नंतर कमी झाले. पूर्ण थांबलेले नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा बदल प्रवासाच्या कितीतरी आधीचा आहे. लष्करी वसाहतींजवळ दवाखाना चालवणाऱ्या आम्हा सर्वांनी पिल्लाच्या रेबीजच्या पहिल्या लसीच्याच दिवशी, सुई टोचण्यापूर्वी, चिप बसवण्याचा आग्रह धरायला हवा आणि पुढील प्रत्येक लसीच्या ओळीत तो क्रमांक लिहायला हवा. ज्या कुटुंबाचा पत्ता दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, त्याच्या कुत्र्याचे दप्तर एकाच पुस्तिकेत राहायला हवे. नव्या स्टेशनवर नवी पुस्तिका सुरू करण्याची पद्धत सोडून द्यावी. येथे एका महिन्याच्या उलट्या क्रमाने एका कुटुंबाला सहा आठवडे वेगळे केले.

दुसरे, परदेशी नेमणुकीसाठी नाव विचाराधीन आहे, हे अधिकाऱ्याला बहुधा आदेशाआधी ठाऊक असते. जपानसाठी टायटरचा अहवाल रक्त घेतल्यापासून दोन वर्षे ग्राह्य असतो, फक्त मधल्या काळात लसीची मुदत एक दिवसही खंडित होता कामा नये. नेमणूक झाली नाही तर चाचणीचा खर्च वाया जातो, हे खरे. पण तो खर्च आणि पाच आठवड्यांचे क्वारंटाईन यांची तुलना कुटुंबाने आदेश येण्यापूर्वी करावी.

साताऱ्याबद्दल माझे आणि कुटुंबाचे आजही एकमत नाही. माझ्या मते तो महिना पुण्यातच, बंद आवाराच्या सोसायटीत भाड्याने काढायला हवा होता. प्रतीक्षेच्या अखेरच्या आठवड्यांत कुत्र्याचा भटक्या कुत्र्यांशी संपर्क येऊ न देणे हे कोणत्याही कागदाइतकेच मोलाचे आहे. आजी-आजोबांना तीन वर्षे नात दिसणार नव्हती, असे राणीच्या आईचे म्हणणे आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

परतीची तयारीही त्याच वेळी ठरवून ठेवली आहे. परदेशातील वास्तव्य दोन वर्षांहून अधिक झाल्यावर निवास बदलून परतणाऱ्या व्यक्तीला भारतात दोन पाळीव प्राणी आणता येतात, आणि त्यासाठी विमानात बसण्यापूर्वी येथील क्वारंटाईन कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते. राणीची रेबीजची लस जपानमध्ये दर वर्षी मुदतीआधी व्हावी आणि तिची नोंद चिप क्रमांकासह जुन्याच पुस्तिकेत व्हावी, असे ठरले आहे. पहिल्या वर्षाची नोंद त्यांनी फोटो काढून पाठवली आहे. ती मुदतीच्या अकरा दिवस आधीची आहे.